उमेदवारी कोणी ठरवावी? : पक्षांतर्गत प्राथमिक निवडणुकीवरील परंपरानिष्ठ भाष्याची समीक्षा

प्रस्तावना

जुन्या जालन्यातील मस्तगड ही अठराव्या शतकातील गढी. राज्यकर्त्यांच्या संरक्षणासाठी उभारलेल्या या वास्तूचा उपयोग पुढे नगरपालिकेच्या कार्यालयासाठी झाला. भिंती जुन्याच राहिल्या, आतील अधिकाराचा उगम तेवढा बदलला. या नगरपालिकेचे २०२३ मध्ये महानगरपालिकेत रूपांतर झाले आणि तिची पहिली निवडणूक १५ जानेवारी २०२६ रोजी पार पडली. त्या हंगामात राज्यातील अनेक शहरांत जे दृश्य दिसले ते मराठी वाचकाला नवे नाही. इच्छुकांच्या मुलाखती होतात, निरीक्षक येऊन जातात, याद्या मुंबईला किंवा दिल्लीला जातात आणि अर्ज भरण्याच्या शेवटच्या दिवशी दुपारपर्यंत 'एबी फॉर्म' कोणाच्या हाती पडणार याची वाट पाहत कार्यकर्ते ताटकळत बसतात. ज्याला तो मिळत नाही तो बंडखोरी करतो किंवा दुसऱ्या पक्षात जातो. 'आम्ही काय आयुष्यभर सतरंज्याच उचलायच्या?' हा प्रश्न दर पाच वर्षांनी नव्याने विचारला जातो आणि निकालानंतर विसरला जातो.

मतदार मतदानाच्या दिवशी जी निवड करतो तिच्या आधी एक निवड होऊन गेलेली असते. पन्नास इच्छुकांतून एक नाव कसे उरले हे त्याला कळत नाही. ही आधीची निवड पक्षाच्या सभासदांच्या किंवा सामान्य मतदारांच्या मताने व्हावी, या कल्पनेला पक्षांतर्गत प्राथमिक निवडणूक म्हणतात. अमेरिकेत ती शतकाहून अधिक काळ रुळलेली आहे. भारतात काँग्रेस पक्षाने २०१४ च्या लोकसभा निवडणुकीपूर्वी तिचा मर्यादित प्रयोग केला व त्यासाठी निवडलेल्या मतदारसंघांत महाराष्ट्रातील लातूर आणि वर्धा हे दोन होते.

या पद्धतीवर सर्वांत गंभीर आक्षेप परंपरानिष्ठ विचारपरंपरेने घेतला आहे. त्या आक्षेपाची समीक्षा करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे. लेखाचे प्रतिपादन थोडक्यात असे : परंपरानिष्ठांचे निदान बऱ्याच अंशी बरोबर आहे, परंतु त्यांनी त्यातून काढलेला निष्कर्ष महाराष्ट्राच्या पक्षीय वास्तवात टिकत नाही. ज्या संस्थेच्या रक्षणासाठी ते प्राथमिक निवडणुकीला विरोध करतात, ती संस्थाच आपल्या पक्षांनी जतन केलेली नाही.

१. 'परंपरानिष्ठ' या संज्ञेविषयी

मराठीत या विचारासाठी 'पुराणमतवादी' किंवा 'सनातनी' हे शब्द वापरले जातात. दोन्हींना सुधारणाविरोधाचा वास आहे आणि दोन्ही प्रामुख्याने सामाजिक व धार्मिक वादांतून आले आहेत. येथे 'परंपरानिष्ठ' हा शब्द राजकीय संस्थांच्या संदर्भात योजला आहे. दीर्घ काळ टिकलेल्या संस्थेत एका पिढीच्या बुद्धीपेक्षा अधिक शहाणपण साठलेले असते, म्हणून तिच्यात बदल सावकाश व अनुभवाच्या आधारे करावा, अशी ही भूमिका आहे. या अर्थाने परंपरानिष्ठ माणूस कोणत्याही पक्षात असू शकतो. डाव्या पक्षातील ज्येष्ठ नेताही उमेदवारीच्या प्रश्नावर हीच भाषा बोलताना आढळतो.

२. आक्षेपाचे तीन पदर

पहिला आक्षेप संस्थेच्या स्मृतीचा आहे. पक्ष म्हणजे निवडणुकीपुरती जमलेली गर्दी नव्हे. एडमंड बर्क यांनी १७७० मध्ये पक्षाची व्याख्या समान तत्त्वावर एकत्र येऊन राष्ट्रहितासाठी प्रयत्न करणाऱ्या माणसांचा संघ अशी केली. अशा संघाला आपला प्रतिनिधी कोण असावा हे ठरविण्याचा अधिकार आहे आणि तो अधिकार ज्यांनी संघाची सुखदुःखे पाहिली त्यांच्याकडे असावा. कोणाचा शब्द पाळला जातो, कोणाला संकटकाळी पक्ष सोडण्याची सवय आहे, कोणाचे पैसे कोठून येतात, हे जुन्या जाणत्यांना ठाऊक असते. एका दिवसाच्या मतपेटीला ते ठाऊक नसते.

दुसरा आक्षेप प्रतिनिधीच्या विवेकाचा आहे. बर्क यांनीच १७७४ मध्ये ब्रिस्टलच्या मतदारांपुढे सांगितले की प्रतिनिधी मतदारांना आपल्या श्रमाबरोबर आपला निर्णयही देणे लागतो. तो केवळ निरोप्या नाही. प्राथमिक निवडणुकीत जिंकण्यासाठी पक्षातील सर्वांत उत्साही व कडव्या गटाला खूश ठेवावे लागते. अशा मार्गाने आलेला प्रतिनिधी पुढे सभागृहात तडजोड करण्यास कचरतो.

तिसरा आक्षेप दुही आणि खर्च यांचा आहे. एकाच पक्षाचे दोघे आधी परस्परांविरुद्ध प्रचार करतात, परस्परांचे दोष चव्हाट्यावर मांडतात आणि त्यानंतर विरोधकाशी लढण्यासाठी एकत्र येण्याची अपेक्षा केली जाते. शिवाय एका निवडणुकीचा खर्च न पेलणाऱ्या माणसाला दोन निवडणुका लढवाव्या लागतात.

या आक्षेपांना इतिहासाचा आधार आहे. विस्कॉन्सिन राज्यात रॉबर्ट ला फॉलेट यांच्या पुढाकाराने १९०३ मध्ये थेट प्राथमिक निवडणुकीचा कायदा झाला, तो पक्षातील दलाल मंडळींची सत्ता मोडण्यासाठी. तरीही अध्यक्षपदाच्या उमेदवारीवर पक्षनेत्यांची पकड दीर्घ काळ राहिली. १९६८ मध्ये ह्युबर्ट हंफ्री एकही प्राथमिक निवडणूक न लढवता डेमोक्रॅटिक पक्षाचे उमेदवार झाले आणि शिकागोच्या अधिवेशनात मोठा असंतोष उसळला. त्यानंतर नेमलेल्या आयोगाच्या शिफारशींमुळे प्राथमिक निवडणुका निर्णायक ठरल्या. १९७२ मध्ये त्याच आयोगाचे प्रारंभीचे अध्यक्ष जॉर्ज मॅकगव्हर्न नव्या नियमांनी उमेदवार झाले आणि पन्नासपैकी एकोणपन्नास राज्यांत पराभूत झाले. पुढे १९८० च्या दशकात त्या पक्षाने ज्येष्ठ नेत्यांसाठी अधिवेशनात राखीव मते ठेवली. जाणत्यांची चाळणी काढून टाकल्यावर ती अंशतः पुन्हा बसवावी लागली, असे परंपरानिष्ठ भाष्यकार यावर म्हणतात. जानेवारी २०१६ मध्ये 'नॅशनल रिव्ह्यू' या अमेरिकी परंपरानिष्ठ नियतकालिकाने डोनाल्ड ट्रम्प यांच्या उमेदवारीविरुद्ध विशेषांक काढला. प्राथमिक मतदारांनी त्याची दखल घेतली नाही.

परंतु हाच इतिहास दुसऱ्या बाजूनेही वाचता येतो. रोनाल्ड रेगन यांनी १९७६ मध्ये पदावर असलेल्या राष्ट्राध्यक्षांना आपल्याच पक्षात आव्हान दिले व ते थोडक्यात हुकले, ते प्राथमिक निवडणुकांच्या बळावर. १९८० मध्ये ते त्याच मार्गाने उमेदवार झाले. त्या वेळी परंपरानिष्ठांनी या पद्धतीची निंदा केली नाही. आपला माणूस जिंकला की प्राथमिक निवडणूक हा जनतेचा कौल आणि दुसऱ्याचा जिंकला की झुंडशाही, हा दुटप्पीपणा या भाष्याच्या पोटात आहे. तत्त्व म्हणून मांडलेला आक्षेप पुष्कळदा निकालावर अवलंबून असतो, याची नोंद समीक्षकाने घेतली पाहिजे.

ब्रिटनचा अनुभव अधिक बोलका आहे, कारण तेथे स्वतः कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाने हा प्रयोग केला. २००९ मध्ये टॉटनेस मतदारसंघात पक्षाने सर्व मतदारांना टपालाने मतपत्रिका पाठवल्या. सुमारे साडेसोळा हजार मतदारांनी भाग घेतला आणि व्यवसायाने डॉक्टर असलेल्या सारा वोलस्टन निवडल्या गेल्या. २०१० मध्ये त्या खासदार झाल्या, सभागृहात स्वतंत्र बाण्याने वागल्या आणि २०१९ मध्ये पक्षातून बाहेर पडल्या. पक्षाने टपाली मतदानाची ही खर्चिक पद्धत पुढे रुजू दिली नाही. उलट २०२२ मध्ये खासदारांच्या फेऱ्यांत ऋषी सुनक आघाडीवर असताना सभासदांनी लिझ ट्रस यांना नेता निवडले व दीड महिन्यात त्यांना राजीनामा जाहीर करावा लागला. पहिले उदाहरण प्राथमिक निवडणुकीच्या बाजूने आणि दुसरे तिच्या विरुद्ध वापरले जाते. दोन्हींतून खरे तर एवढेच दिसते की निवडणारा समूह कोण, यावर निवडीचे स्वरूप ठरते.

३. भारतीय परंपरानिष्ठ भाष्य

भारतात या विषयावर विचार झाला नाही असे नाही. चक्रवर्ती राजगोपालाचारी यांनी १९५९ मध्ये स्वतंत्र पक्ष स्थापन केला तेव्हा लोकशाहीला एका समर्थ उजव्या पक्षाची गरज आहे, ही त्यांची भूमिका स्पष्ट होती. निवडणुकीतील पैशाच्या प्रभावाविषयी त्यांनी सातत्याने लिहिले. परंतु त्यांच्या पक्षाची उमेदवारी बऱ्याच ठिकाणी संस्थानिक, जमीनदार व स्थानिक प्रतिष्ठितांच्या प्रभावावर अवलंबून राहिली. १९६७ मध्ये लोकसभेत ४४ जागा मिळवणारा हा पक्ष १९७१ मध्ये ८ वर आला आणि १९७४ मध्ये विलीन झाला. प्रतिष्ठितांवर उभारलेला पक्ष प्रतिष्ठितांबरोबरच जातो, हा धडा परंपरानिष्ठ भाष्यात क्वचितच नोंदवला जातो.

दुसरे महत्त्वाचे भाष्य दीनदयाळ उपाध्याय यांचे. तिसऱ्या सार्वत्रिक निवडणुकीच्या तोंडावर, १९६१ च्या अखेरीस, 'ऑर्गनायझर' साप्ताहिकातील आपल्या सदरात त्यांनी उमेदवार, पक्ष आणि विचार यांच्या परस्परसंबंधाची चर्चा केली. उमेदवार वाईट असेल तर केवळ चांगल्या पक्षाचा म्हणून तो मतास पात्र ठरत नाही. पक्षश्रेष्ठींनी पक्षपाताने किंवा गैरसमजाने चूक केली असेल तर ती दुरुस्त करणे हे मतदाराचे कर्तव्य आहे, असा त्यांच्या विवेचनाचा आशय आहे. परंपरानिष्ठ गोटातून आलेले हे विधान असाधारण आहे. श्रेष्ठींच्या निर्णयाला चूक होण्याची शक्यता आहे, हे त्यात मान्य केले आहे. परंतु दुरुस्तीची जबाबदारी त्यांनी पक्षाबाहेरच्या मतदारावर सोपवली. पक्षातील सभासदाला ती चूक आधीच दुरुस्त करण्याचा मार्ग का नसावा, हा प्रश्न त्या विवेचनात अनुत्तरित राहतो. मतदाराने चूक दुरुस्त करायची तर त्याला आपल्या विचाराच्या पक्षाविरुद्ध मत द्यावे लागते. ही किंमत मोठी आहे आणि बहुसंख्य मतदार ती देत नाहीत.

महाराष्ट्रात या परंपरेचे एक आचरणातील उदाहरण रामभाऊ म्हाळगी यांचे आहे. १९५७ मध्ये मावळातून विधानसभेवर आणि १९७७ व १९८० मध्ये ठाण्यातून लोकसभेवर गेलेल्या म्हाळगींनी आपल्या कामाचा लेखी अहवाल मतदारांपुढे ठेवण्याची प्रथा पाळली. प्रतिनिधीने आपल्या विवेकाने वागावे आणि नंतर हिशोब द्यावा, ही बर्क यांची अपेक्षा त्यांनी प्रत्यक्षात आणली. परंतु ही उत्तरदायित्वाची प्रथा व्यक्तीच्या सचोटीवर उभी होती. पक्षांनी तिचा नियम केला नाही. उमेदवारी पुन्हा देताना असा अहवाल तपासला जातो, असे कोणत्याही पक्षाबाबत म्हणता येणार नाही.

४. लातूर आणि वर्धा : २०१४

आता महाराष्ट्रातील प्रयोगाकडे वळू. राहुल गांधी यांच्या पुढाकाराने काँग्रेसने २०१४ च्या प्रारंभी देशातील सुमारे पंधरा मतदारसंघांत उमेदवार पक्षांतर्गत मतदानाने निवडण्याचे ठरवले. लातुरात दत्तात्रय बनसोडे आणि वर्ध्यात सागर मेघे हे या मार्गाने उमेदवार झाले. वर्ध्यातील विजयी उमेदवार विद्यमान खासदार दत्ता मेघे यांचे पुत्र होते. सार्वत्रिक निवडणुकीत दोघेही भारतीय जनता पक्षाच्या उमेदवारांकडून, लातुरात सुनील गायकवाड आणि वर्ध्यात रामदास तडस यांच्याकडून, दोन लाखांहून अधिक मतांनी पराभूत झाले. बडोद्यात या पद्धतीने निवडलेले नरेंद्र रावत यांना बाजूला व्हावे लागले व नरेंद्र मोदी यांच्याविरुद्ध मधुसूदन मिस्त्री उभे राहिले. २०१९ मध्ये पक्षाने हा प्रयोग पुढे चालवला नाही.

परंपरानिष्ठ भाष्याला हा पुरावा हवा तसा वाटतो. एक उमेदवार खासदारपुत्र, दोघेही पराभूत, तिसऱ्या ठिकाणी निकालच बदलला. मग पद्धत कशासाठी? हे अनुमान दोन कारणांनी अपुरे आहे.

पहिले कारण निकालाविषयीचे आहे. २०१४ मध्ये काँग्रेसला महाराष्ट्रातील ४८ पैकी केवळ २ जागा मिळाल्या. ज्या मतदारसंघांत उमेदवार नेहमीच्या पद्धतीने ठरले तेथेही पराभवच झाला. म्हणून लातूर-वर्ध्यातील पराभवाचे कारण प्राथमिक निवडणूक होती, असे म्हणता येत नाही.

दुसरे कारण अधिक मूलभूत आहे. या प्रयोगात मताचा अधिकार सामान्य सभासदाला नव्हता. तो प्रामुख्याने पक्षाचे पदाधिकारी आणि आजी-माजी लोकप्रतिनिधी यांच्यापुरता होता. हे पदाधिकारी कोणी नेमले होते? ज्यांच्या शिफारशीने पूर्वी तिकिटे मिळत त्यांनीच. याचा अर्थ लातूर-वर्ध्यात जे घडले ते जाणत्या मंडळींच्या हाती निर्णय देणे होते, म्हणजे परंपरानिष्ठांच्या शिफारशीच्याच जवळचे होते. त्यातून खासदाराचा पुत्र निवडला गेला असेल तर तो दोष थेट सभासद-मताच्या माथी मारता येणार नाही. फार तर असे म्हणता येईल की नेमलेल्यांनी नेमणाऱ्याच्या घराला मत दिले.

तरीही परंपरानिष्ठांचे एक म्हणणे येथे मान्य केले पाहिजे. मतदानाची पद्धत आयात करता येते, पण मतदार असलेली संघटना आयात करता येत नाही. सामान्य सभासदाला मत द्यायचे तर सभासद कोण, हे सांगणारी विश्वासार्ह नोंदवही हवी. तीच नव्हती. युवक काँग्रेसमध्ये त्याआधी सभासद-नोंदणीवर आधारित निवडणुका झाल्या, तेथेही जो अधिक सभासद नोंदवू शकतो तो जिंकतो आणि नोंदवण्याची ताकद नेत्यांच्या घरांकडेच अधिक असते, ही टीका झाली. निवडणूक ही संस्थेची शेवटची पायरी आहे. पहिली पायरी नोंदवहीची आहे.

५. नोंदवही हरवलेले पक्ष

ही नोंदवही महाराष्ट्राच्या राजकारणाला पूर्वी परिचित होती. डिसेंबर १९२० मध्ये नागपूर येथे भरलेल्या काँग्रेस अधिवेशनात जी नवी घटना संमत झाली तिच्यात चार आणे वर्गणीचा सभासद, गाव व तालुका समित्या आणि भाषावार प्रांतिक समित्या अशी रचना होती. त्या घटनेतही वरचा हात राहिला. १९३८ मध्ये मध्य प्रांताचे मुख्यमंत्री ना. भा. खरे यांना श्रेष्ठींच्या निर्णयाने पद सोडावे लागले. तरी वर्गणीदार सभासद हा त्या रचनेचा पाया होता. रजनी कोठारी यांनी १९६४ मध्ये 'काँग्रेस व्यवस्था' या संकल्पनेतून दाखवून दिले की स्वातंत्र्योत्तर काळातील खरी राजकीय स्पर्धा बऱ्याच अंशी त्या पक्षाच्या आत, गटागटांत होत असे. १९७२ नंतर पक्षाच्या संघटनात्मक निवडणुका थांबल्या आणि त्या १९९२ मध्ये, वीस वर्षांनी झाल्या. एक पिढी संघटनेत मत न देता वाढली आणि नेमणूक हीच रीत ठरली.

अन्य पक्षांची स्थिती वेगळी नाही. स्वतःला शिस्तबद्ध म्हणवणाऱ्या भारतीय जनता पक्षाने २०१४ च्या अखेरीस मोबाइलवरील मिस्ड कॉलद्वारे सभासद नोंदवले. त्यातून संख्या प्रचंड झाली, पण मिस्ड कॉलने झालेला सभासद उमेदवारीवर मत देण्यास पात्र आहे असे तो पक्षही मानत नाही. त्या सभासदत्वाला जबाबदारी नाही आणि म्हणून अधिकारही नाही. संस्थेच्या स्मृतीचा आग्रह धरणाऱ्या परंपरानिष्ठाने या पद्धतीवर सर्वांत आधी टीका करायला हवी होती.

या दुर्लक्षाची किंमत महाराष्ट्राने अलीकडे मोजली. १७ फेब्रुवारी २०२३ रोजी निवडणूक आयोगाने शिवसेना हे नाव व धनुष्यबाण हे चिन्ह एकनाथ शिंदे गटाला दिले. त्या आदेशात आयोगाने पक्षाच्या २०१८ च्या घटनादुरुस्तीची आपल्याकडे नोंद नसल्याचे सांगितले. १९९९ च्या घटनेत आणलेले लोकशाही निकष त्या दुरुस्तीने काढून टाकले व पदाधिकारी निवडणुकीविना नेमले गेले, अशी टीका केली. संघटनेतील बहुमत विश्वसनीय रीतीने मोजता येत नाही म्हणून विधिमंडळातील बहुमत हाच निकष उरला. ६ फेब्रुवारी २०२४ रोजी राष्ट्रवादी काँग्रेस पक्षाच्या वादातही आयोगाने विधिमंडळातील संख्येवरच निर्णय दिला व नाव आणि चिन्ह अजित पवार गटाकडे गेले. या दोन्ही निर्णयांच्या राजकीय परिणामांविषयी मतभेद आहेत व ते येथे सोडवायचे नाहीत. ११ मे २०२३ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने विधिमंडळ पक्ष आणि राजकीय पक्ष वेगळे असल्याचे स्पष्ट केले होते. परंतु राजकीय पक्षाची स्वतंत्र मोजदादच शक्य नसेल तर हे वेगळेपण व्यवहारात कसे टिकणार?

या उदाहरणांचा आपल्या विषयाशी थेट संबंध आहे. ज्या सभासदांना उमेदवार निवडण्याचा अधिकार नव्हता, त्यांना पक्ष कोणाचा हे ठरविण्याचाही अधिकार उरला नाही. ज्यांना तिकीट देऊन आमदार केले त्यांच्याच संख्येने पक्षाची मालकी ठरली. उमेदवारी वाटण्याचा अधिकार आपल्या हाती ठेवल्याने पक्ष सुरक्षित राहतो, हा समज यातून खोटा ठरला.

६. आक्षेपांचे मूल्यमापन

या पार्श्वभूमीवर तीनही आक्षेपांचा पुन्हा विचार करता येईल.

संस्थेच्या स्मृतीचा आक्षेप तेव्हाच बळकट ठरतो जेव्हा निवड करणारे मंडळ खरोखर स्मृतीने निर्णय घेते. आपल्याकडे निर्णयाचा उघड निकष 'निवडून येण्याची क्षमता' हा आहे. या शब्दप्रयोगात पैसा, जात, घराणे आणि कालपर्यंत विरोधी पक्षात असलेल्या माणसाची गर्दी जमवण्याची ताकद हे सारे सामावते. पंधरा वर्षे काम केलेल्या निष्ठावंताला डावलून आदल्या रात्री आलेल्याला उमेदवारी देणारे मंडळ परंपरेचे रक्षण करते असे म्हणणे शब्दांची ओढाताण आहे.

प्रतिनिधीच्या विवेकाचा आक्षेप भारतात जवळजवळ निराधार झाला आहे. १९८५ च्या बावन्नाव्या घटनादुरुस्तीने पक्षादेशाविरुद्ध मत देणाऱ्याचे सदस्यत्व जाते. विवेकाने मत देण्याची मुभा सभागृहात नाही आणि उमेदवारी पुन्हा मिळणे श्रेष्ठींच्या मर्जीवर आहे. अशा प्रतिनिधीपुढे दोन्ही बाजूंनी एकच मालक उभा असतो. सभासदांच्या मताने आलेल्या प्रतिनिधीला निदान मतदारसंघात एक स्वतंत्र पाय ठेवायला जागा मिळेल.

दुही आणि खर्चाचा आक्षेप मात्र गंभीर आहे. तथापि दुही आजही आहे. ती अर्ज भरण्याच्या दिवशी बंडखोरीच्या रूपाने फुटते. फॉर्म 'ए' मध्ये उमेदवारी जाहीर करण्याचा अधिकार पक्षाने कोणाला दिला ते नमूद असते आणि फॉर्म 'बी' मध्ये उमेदवाराचे नाव. लोकसभा-विधानसभेसाठी हे दोन कागद अर्ज भरण्याच्या अंतिम दिवशी दुपारी तीनपर्यंत निवडणूक निर्णय अधिकाऱ्याकडे पोहोचले की कायद्याच्या दृष्टीने पक्षाचा निर्णय पूर्ण होतो. त्यामागे किती विचार झाला हे कायदा विचारत नाही. शेवटच्या तासापर्यंत निर्णय राखून ठेवणे हे बंडखोराला वेळ न देण्याचे तंत्र आहे. महिनाभर आधी झालेल्या मतदानात हरलेला इच्छुक सभासदांकडून हरलेला असतो; दाराबाहेर ताटकळून हरलेल्याइतका तो अपमानित नसतो. खर्चाच्या बाबतीत, मतदान पक्षाच्या नोंदणीकृत सभासदांपुरते ठेवल्यास तो आटोक्यात राहू शकतो.

जर्मनीचे उदाहरण येथे विचारात घेण्यासारखे आहे. तेथील मूलभूत कायद्याच्या एकविसाव्या कलमाने पक्षांची अंतर्गत रचना लोकशाही तत्त्वांना धरून असावी असे बंधन घातले आहे आणि निवडणूक कायद्याप्रमाणे उमेदवार सभासदांच्या किंवा त्यांनी निवडलेल्या प्रतिनिधींच्या सभेत गुप्त मतदानाने ठरवावा लागतो. ही अमेरिकी पद्धतीची खुली प्राथमिक निवडणूक नाही. तेथील परंपरानिष्ठ ख्रिश्चन डेमोक्रॅटिक पक्ष दीर्घ काळ या नियमाखाली वाढला आणि सत्तेवरही आला. भारतात विधी आयोगाच्या १९९९ मधील १७० व्या अहवालाने पक्षांतर्गत लोकशाहीसाठी कायद्याची शिफारस केली होती. १९८९ मध्ये लोकप्रतिनिधित्व कायद्यात आलेले २९अ हे कलम मात्र पक्षाच्या नोंदणीपाशीच थांबते.

७. जालन्याच्या अनुभवातून एक मर्यादा

या चर्चेत एक व्यावहारिक अडचण क्वचितच मांडली जाते. जालना लोकसभा मतदारसंघात जालना, बदनापूर व भोकरदन हे जालना जिल्ह्यातील विधानसभा मतदारसंघ आहेत, तर सिल्लोड, फुलंब्री व पैठण हे छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातील आहेत. याउलट याच जिल्ह्यातील घनसावंगी व परतूर परभणी लोकसभा मतदारसंघात मोडतात. पक्षांच्या समित्या जिल्हावार असतात. लोकसभेच्या उमेदवाराची निवड कोणत्या समितीने करावी? निम्मा मतदारसंघ एका समितीकडे आणि निम्मा दुसरीकडे असल्याने निर्णय आपोआप वर जातो. मुंबई-दिल्लीचे वर्चस्व काही अंशी या रचनेनेच पोसले आहे.

या मतदारसंघात रावसाहेब दानवे १९९९ ते २०१९ सलग पाच वेळा निवडून आले. २००९ मध्ये कल्याण काळे यांच्यावरील त्यांची आघाडी साडेआठ हजारांहून कमी होती. २०२४ मध्ये त्याच काळे यांनी त्यांचा लाखाहून अधिक मतांनी पराभव केला. मधल्या दोन निवडणुकांत काँग्रेसचा उमेदवार वेगळा होता. दोन्ही पक्षांचे हे निर्णय योग्य होते की अयोग्य, हा येथील मुद्दा नाही. पाव शतकात या निर्णयांची कारणे येथील सभासदांना कोणी लेखी कळवण्याची रीत नव्हती, एवढेच नोंदवायचे आहे. निकालाने मतदाराचे मत कळले. पक्षाचे मत कसे बनले ते कळले नाही.

समारोप

परंपरानिष्ठ भाष्याने एक मोलाची गोष्ट सांगितली आहे : संघटना नसताना केलेली निवडणूक हा देखावा ठरतो. लातूर-वर्ध्याचा प्रयोग याची साक्ष देतो. परंतु या निदानावरून जुनी पद्धत चालू ठेवावी असा निष्कर्ष काढणे म्हणजे घर मोडकळीस आले म्हणून दुरुस्ती नाकारणे होय. ज्याला संस्था टिकवायची आहे त्याने संस्थेच्या पायाची काळजी घ्यावी. वर्गणी भरणारा, किमान दोन वर्षे जुना सभासद. जाहीर व तपासता येणारी सभासद-यादी. मतदारसंघाच्या सीमांशी जुळणारी समिती. ज्येष्ठांनी चाळून दिलेल्या दोन-तीन नावांवर सभासदांचे गुप्त मतदान. आणि विद्यमान प्रतिनिधी असल्यास त्याचा लेखी कार्य-अहवाल, एवढी रचना क्रांतिकारक नाही. तिच्यात जाणत्यांची चाळणी आहे आणि सभासदाचा कौलही आहे. खऱ्या परंपरानिष्ठाला ती परकी वाटू नये. नागपूरच्या चार आण्यांच्या सभासदाचीच ती वाढ आहे.

राज्यशास्त्राच्या वर्गात आपण विद्यार्थ्यांना प्रौढ मताधिकार शिकवतो आणि तेच विद्यार्थी निवडणुकीच्या हंगामात कोणाच्या तरी प्रचारफेरीत झेंडे घेऊन चालतात. त्यांच्यापैकी जो पक्षात राहील त्याला आपल्या पक्षात एक मत असावे, ही अपेक्षा अवाजवी नाही. ते मत त्याला मिळेपर्यंत उमेदवारीची निवड त्या बंद दारामागेच होत राहील आणि सतरंज्यांचा प्रश्न दर पाच वर्षांनी पुन्हा विचारला जाईल.